क्रॅनबेरीची आमटी, गूळ न घालता

वन्सं, काल तुमचं गोडजेवण झालं आणि मी गोड खाल्लं नाही.

सगळ्यांनी आग्रह केला. अभय म्हणाला, आई, रीत आहे, एक घास घे, त्याशिवाय दुःख फिटत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलंय. धादांत खोटं. माझी साखर माझ्या वयाच्या मानाने झकास आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यावरून तुम्ही माझ्यावर जळायचात. श्रीखंडाची वाटी पानाच्या कडेला सरकवली आणि आमटी भुरकत बसले. कसली आमटी ते शेवटी सांगते. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी ऐकायची खोड, पण आता लाइन माझ्या हातात आहे. होल्ड करा.

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतात, त्यामुळे घरातही कुणाला किती वेळ बोलू द्यायचं ते तुम्हीच ठरवायचात. वाद अंगावर यायला लागला की "लाइन बिझी आहे" म्हणून उठून जायचात. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. लग्नापासून तुम्हाला वन्सं म्हणत आले, अहो-जाहो करत आले, आणि त्याच अहो-जाहोत कडाकडा भांडत आले. भांडणाला विषय एकच होता. आमटीत गूळ.

तुम्ही कराडकडचे. मी पुण्याची. माझ्या माहेरी गूळ न घातलेली आमटी म्हणजे कुंकू न लावलेली सवाष्ण. तुमच्याकडे गूळ पडलेली आमटी म्हणजे भेसळ. पहिल्या दिवशी ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत मी आमटी वाढली, तुम्ही एक घोट घेतलात आणि तुमच्या भावाला विचारलंत, "हे जेवणाआधी खायचं की नंतर?"

त्या वेळच्या माझ्याबद्दल काय सांगू. आज ती मुलगी रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. गृहशास्त्राचा कोर्स करून आलेली. मापाचे चमचे एका कडीत ओवून आणलेले आणि ते कमरेला चाव्या खोचाव्यात तसे खोचून ती स्वयंपाकघरात फिरायची. मीठ घालतानासुद्धा वरचा थर सुरीने सपाट करायची. सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या आणि तिला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय. साखरेवर तिची फार श्रद्धा. जगात जे जे आंबट, तुरट, कडू आहे ते पाकात टाकलं की सुधारतं, असं तिचं मत होतं. माणसांबद्दलही तेच मत होतं, म्हणून ती सारखी हसत असायची. मूर्ख.

पहिल्याच मे महिन्यात तिने तुमची करवंदं मारली. येऊरच्या डोंगरातून बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन यायच्या. तुम्ही ड्यूटीवर जाताना टोपलीभर घेऊन ठेवलीत. संध्याकाळी येऊन मिठाबरोबर खायची, हा तुमचा वर्षातला एक चैनीचा दिवस. मी म्हटलं, वन्संना खूश करू. सगळीच्या सगळी साखरेत शिजवली. जॅम करायचा होता. पाक पुढे गेला आणि बरणीत एक काळा-लाल दगड तयार झाला, चमचा त्यातच उभा. तुम्ही आलात, तळहातावर मीठ घेतलंत, बरणी पाहिलीत आणि ते मीठ परत मिठाच्या भांड्यात टाकलंत. म्हणालात, "कुमुद, करवंद आंबट असतं म्हणूनच ते करवंद."

सासूबाई पुढे बोलणार होत्या, तेवढ्यात तुम्ही बरणी उचललीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेलीत. आठवड्याने घासलेली, रिकामी बरणी परत आली. "संपला," एवढंच म्हणालात. मैत्रिणींनी चघळून खाल्ला, तुम्ही एकटीने खाल्लात, की एक्स्चेंजच्या मागच्या गटारात बत्त्याने फोडून टाकलात, मी कधी विचारलं नाही. त्या मुलीने विश्वास ठेवला. महिनाभर सगळ्यांना सांगत होती, माझा जॅम वन्संच्या ऑफिसात संपला.

हे सगळं आता आठवतंय, कारण तुमच्या शेवटच्या वर्षात ते करवंद पुन्हा घरात आलं. विमानाने आलं.

डोंबिवलीची तुमची एकटीची खोली सोडून तुम्ही कोलशेतला आमच्याकडे यायला तयार झालात, तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण किती पुढे गेलंय. तुम्ही आणि दुसऱ्याच्या घरात राहणार. मधुमेह जुनाच होता, आता किडन्यांनी हात टेकले होते. मंगळवारी आणि शनिवारी डायलिसिस. तिथल्या डाएटिशियन मुलीने मला समोर बसवून सांगितलं, चिंच बंद, टोमॅटो बंद, नारळ बंद. साखर, गूळ, खजूर बंद. मीठ नावाला. भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. वन्सं, भाजीचं पाणी ओतून द्यायचं, हे मी तिला दोनदा विचारून घेतलं. सगळा जीव त्या पाण्यात असतो हे मला कोर्सात शिकवलं होतं. ती म्हणाली, आजी, तोच जीव त्यांना सोसणार नाही.

आमसूल चालेल का विचारलं, तर म्हणाली विचारून सांगते. अजून विचारतेय. लिंबू चालत होतं, पण पंधरवड्यात तुम्हाला लिंबाचा असा वीट आला की फोड दिसली तरी तोंड फिरवायचात. मग ती मुलगी म्हणाली, क्रॅनबेरी द्या ना. फक्त साखर न घातलेली.

मी घरी येऊन सुनेला, स्नेहलला, म्हटलं, ती काय ते बेरी मागव. तिने मोबाइलवरून मागवली. सुंदर पाकीट, लाल सुकवलेल्या बेऱ्या, मनुकांच्या थोरल्या बहिणी. तुम्ही मूठभर खाल्ल्यात, म्हणालात, "बरी आहेत की. उगाच घाबरत होते." आणि मूठ संपल्यावर मग चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचलीत. क्रॅनबेरी, त्याच्या शेजारी साखर. तुम्ही ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलंत, ट्रंक कॉल लागल्याचं सांगावं तशा आवाजात. मी पाकीट हिसकावून घेतलं. तुम्ही म्हणालात, "बघ, तुझ्यासारखीच कंपनी दिसतेय. सांगूनही गूळ घालते."

मग गोठवलेल्या मिळाल्या. दगडासारख्या कडक, टपोऱ्या, लाल. पाण्यात टाकल्या आणि तुम्ही वाकून बघितलंत. म्हणालात, "ही तर करवंदंच. परदेशातून आलीत म्हणून शेफारलीत."

खरंच ती करवंदाची शेफारलेली भावंडं. गरम झाली की टपटप फुटतात, पातेल्यात मोहरी फुटावी तशी, आणि वर गुलाबी फेस येतो. रंग असा की पाहून तोंडाला पाणी सुटावं. चव अशी की ते सुटलेलं पाणी परत जावं. आंबट, त्यामागून कडसर, त्यामागून तुरट. जगात सगळीकडे लोक यात वाडगाभर साखर घालतात ते उगीच नाही. मी पहिला चमचा चाखला आणि त्या कमरेला चमचे खोचलेल्या मुलीची आठवण झाली. ती असती तर साखरेचा डबा केव्हाच उघडला असता. मीही उघडला. आणि बंद केला.

खरं सांगते, मला तुम्हाला बरं करायचं नव्हतं. त्यासाठी डॉक्टर होते, आणि त्यांच्या तोंडावरूनही ते होणार नाही हे दिसत होतं. मला एवढंच हवं होतं की तुम्ही एक वाटी काहीतरी आवडीने खावं. तुम्ही जेवण टाकलं होतंत. चार घास, मग पाण्याचा घोट, तोही मोजून. मनगट माझ्या बोटांच्या कडीत मावायला लागलं होतं. पन्नास वर्षं मी ज्या आमटीवरून तुमच्या शिव्या खाल्ल्या, त्या आमटीची एक वाटी तुम्ही चाटून पुसून खावी, एवढीच माझी हाव.

मग मी शिकले. या वयात, बिनसाखरेचं शिकले. कांदा मंद आचेवर इतका वेळ परतायचा की तो स्वतःच गोड होतो. दालचिनीचा तुकडा जिभेला फसवतो, गोड काही नसताना गोडाची आठवण करून देतो. बडीशेपही थोडी लबाड आहे. क्रॅनबेरी आधी वेगळी फोडून घ्यायची, गाळायची, साल काढली की कडूपणा निम्मा. मग पातळ मुगाचं वरण, लसणीची चुरचुरीत फोडणी, मेथीचे चार दाणे, आणि सगळ्यात शेवटी तो लाल गर. वरण गुलाबी व्हायचं. नात म्हणाली, आजी, हे होळीचं पाणी आहे का.

तुम्ही रोज नावं ठेवायचात. आज कडू, आज सपक, आज फोडणी करपली, आज दालचिनी फार झाली, हे काय बिर्याणीचं धुवण आहे का. मी तणतणायचे, पण आत कुठेतरी बरं वाटायचं. जे माणूस नावं ठेवतं ते चाखतं, असा माझा हिशेब. रोज सकाळी उठून मी तुमच्या कालच्या तक्रारीवर काम करायचे. कडू म्हणालात तर गर दोनदा गाळायचा. सपक म्हणालात तर लसूण वाढवायची. मला वाटत होतं, आपण पोचतोय.

मग तो गुरुवार आला. वाटीत क्रॅनबेरी वितळत ठेवल्या होत्या, आमटीला फोडणी दिली, तेवढ्यात नळवाला आला. बाथरूम, पाना, त्याच्याशी वाद. परत आले, आमटी उकळली होती, वाढली. तुम्ही पलंगावर टेकून बसला होतात. एक चमचा घेतलात, डावा डोळा मिटलात, अंग शहारल्यासारखं केलंत.

"कुमुद, आज काय आंबट हाणलंयस. दात आंबले माझे."

"उद्या कमी घालते," म्हणत मी पाणी आणायला आत गेले. ओट्यावर वाटी होती. तिच्यात सगळ्या क्रॅनबेरी तशाच, लाल पाण्यात बसलेल्या. एकही पडली नव्हती.

मी पातेल्यातून चमचाभर आमटी चाखली. नुसतं मुगाचं हळदपाणी. आंबटाचा मागमूस नाही.

अजून एक चमचा चाखून बघितला. तुम्ही बाहेरून हाक मारलीत, काय झालं म्हणून. मी येऊन म्हटलं, "काही नाही. दात आंबले ना? नका खाऊ मग."

"खाते. टाकायची कशी?" आणि तुम्ही सगळी वाटी संपवलीत, मधे मधे डोळा मिटत.

शनिवारी मी त्या डाएटिशियन मुलीला बाजूला घेऊन विचारलं. तिने सहज सांगितलं, हो आजी, पुष्कळांची चव जाते, तोंडात सारखा लोखंडासारखा स्वाद येतो म्हणतात. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?

नाही सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी स्वयंपाकघरात काय केलं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. तुम्हाला चव नव्हती, मला दुसरं काम नव्हतं. म्हणून तुम्ही अंदाजाने नावं ठेवत होतात. मी काय घालतेय ते खोलीत बसून वासावरून ओळखत असाल, की वासही गेला होता आणि नुसता माझा चेहरा वाचत होतात? कधीपासून? बिर्याणीचं धुवण खरं होतं की तेही रचलेलं? मी रात्रंदिवस ज्या तक्रारींवर धावत होते, त्यातली एक तरी जिभेवरून आली होती का? हे प्रश्न मी तुम्हाला विचारले नाहीत. विचारायचा धीर नव्हता असं नाही, मला आमटी करत राहायचं होतं.

म्हणून मीही बोलले नाही. रोज कांदा परतत होते, गर गाळत होते, सगळं अगदी बरोबर, जणू समोर जीभ आहे. तुम्ही रोज नावं ठेवत होतात. मी रोज तणतणत होते. स्नेहल अभयला म्हणाली, दोघींचं काही खरं नाही, अशा आजारपणातही भांडतात. मला माहीत होतं हे तुम्हाला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेत, मधे बसून गप्प राहणं तुमच्याइतकं कुणाला येणार.

आणि मग तुम्ही शेवटची खोडी केलीत.

दवाखान्यात न्यायच्या आदल्या आठवड्यात, भिंतीकडे बघत म्हणालात, "कुमुद, आज थोडा गूळ घाल."

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. पन्नास वर्षांत तुमच्या तोंडून गूळ हा शब्द शिवी म्हणूनच निघाला होता. मी म्हटलं, बंद आहे तुम्हाला. "असू दे. घाल एक खडा. तुझ्या पद्धतीची कर."

मी आत गेले. गुळाचा डबा उघडला. खडा हातात घेतला, चिकट झाला, परत ठेवला. त्या डाएटिशियन मुलीने इतकं बजावून सांगितलं होतं, आणि अजूनही मला वाटत होतं, वेडेपणाने वाटत होतं, की पथ्य पाळलं तर काहीतरी होईल. रोजच्यासारखीच आमटी केली. गूळ नाही.

तुम्ही चमचा घेतलात. "घातलास ना?"

"घातला."

तुम्ही तोंडात घोळवलीत, बराच वेळ, पूर्वी खरंच चाखायचात तशी. "कळतोय. बरं लागतं गं गुळानं. मीच उगाच भांडले."

वन्सं, हे काय केलंत तुम्ही. नसलेल्या जिभेने, नसलेल्या गुळाला तुम्ही होकार दिलात. सगळं भांडण माझ्या पदरात टाकून मोकळ्या झालात. मी पदर पसरला नव्हता. मला हे जिंकायचं नव्हतं, निदान असं तरी नाही. तो जॅमचा दगड, ती घासून आणलेली बरणी, ते "संपला". तेव्हाही तुम्ही हेच केलं असणार. त्या मूर्ख मुलीला तेव्हा कळलं नाही, या म्हातारीला कळलं आणि तिने नुसती वाटी उचलली. वाटी रिकामी होती.

उपयोग काय झाला या सगळ्याचा, लोक विचारतात, त्यांना खायला काय काय घालत होतात म्हणून. मी सांगते, काही उपयोग झाला नाही. पथ्य पाळलं, पाणी ओतून दिलं, साखरेचा कण जाऊ दिला नाही, आणि तुम्ही गेलात. गूळ घातला असता तरी गेलाच असतात. हे मला दिलासा म्हणून सांगतात. त्यात दिलासा कुठे आहे हे मी शोधतेय.

तर काल. पंगतीत घरचेच होते, आणि डोंबिवलीच्या तुमच्या शेजारच्या गायकवाडबाई, ज्या तुमच्या खोलीची किल्ली पदराच्या गाठीत बांधून आल्या होत्या. श्रीखंड, पुऱ्या, सगळं रीतसर. मी सकाळी फ्रीजर उघडला. तुमच्या पाकिटात तळाला थोड्या क्रॅनबेरी उरल्या होत्या, बर्फाने एकमेकींना चिकटलेल्या. स्नेहल म्हणाली, आई, आज कशाला, आज गोडाचं असतं. मी ऐकलं नाही. कांदा परतला. गर दोनदा गाळला. गुळाच्या डब्याकडे बघितलंही नाही. हा खटला पुन्हा चालवायचा होता मला, या वेळी तुमच्या बाजूने. हरायची तयारी करून मी ती आमटी केली, तुमच्या पद्धतीची, आंबटढाण, आणि श्रीखंडाच्या शेजारी सगळ्यांच्या वाटीत वाढली.

मग वाट बघत बसले. कुणीतरी डोळा मिटेल. कुणीतरी म्हणेल, दात आंबले, हे काय केलंय, एवढासा गूळ घालायला काय झालं होतं. अभय माझा मुलगा, माझ्या हातचा गूळ खाऊन वाढलेला, तो तरी म्हणेल.

अभय म्हणाला, छान झालीय. स्नेहलने मान हलवली. गायकवाडबाई म्हणाल्या, वहिनी, लय भारी, आणि वाटी पुढे केली.

सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली, वन्सं. एकानेही नाव ठेवलं नाही.